वाचनवर्गाचा फायदा मोजायचाय: असरचा कागद, लेखी पेपर की आरसीटी?

जिल्हा परिषद शाळांमध्ये तिसरी ते पाचवीच्या मागे पडलेल्या पोरांसाठी वाचनाचे वर्ग चालवणाऱ्या छोट्या संस्थांचं गाडं हमखास एका जागी अडतं. सीएसआरवाले, म्हणजे पैसे देणाऱ्या कंपन्या, म्हणतात इम्पॅक्ट दाखवा, मग टीममधलं कुणी म्हणतं असरचा कागद (असर या शिक्षण सर्वेक्षणातली तोंडी वाचनचाचणी) वापरू, कुणी म्हणतं सरळ लेखी परीक्षा घेऊ, आणि विश्वस्तांमध्ये कुणी अर्थशास्त्र शिकलेलं असेल तर ते म्हणतात आरसीटीच करा, म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे आणि एकालाच कार्यक्रम द्यायचा. आता यातले पहिले दोन पर्याय म्हणजे मोजायचं कशाने आणि तिसरा म्हणजे तुलना कुणाशी करायची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हीची उत्तरं लागतात. माझं मत स्पष्ट आहे, लोक पहिल्यावर महिनाभर वाद घालतात आणि खरी गडबड दुसऱ्यात होते.

आधी असर. 'प्रथम' संस्थेने २००५ साली हे सर्वेक्षण सुरू केलं, घरोघरी जाऊन, एकेका पोराला समोर बसवून तोंडी. सुरुवात पहिलीच्या पातळीच्या छोट्या परिच्छेदापासून. तो नीट वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची, नाही जमला तर शब्द, त्यातले पाचातले चार यायला हवेत, तेही नाही तर अक्षरं, तिथेही पाचातली चार. यात एक गोष्ट मला फार आवडते. समजा एखादी मुलगी परिच्छेदावर बोट ठेवून 'ब... द... क... बदक' असं करत करत शेवटपर्यंत पोचली, एकही चूक नाही, तरी ती परिच्छेद पातळीला धरत नाहीत कारण तिने वाक्य म्हणून वाचलंच नाही, सुटे शब्द जोडत गेली. ती शब्द पातळीवर. आणि शिकवणाऱ्या ताईला उद्या वर्गात काय करायचं ते तिथल्या तिथे कळतं, हे कुठल्याच मार्कशीटवरून कळत नाही.

कमतरता पण आहेत. पायऱ्या पाचच, आणि सगळ्यात वरची पायरी दुसरीची, त्यामुळे पाचवीतलं जे पोर आधीच गोष्ट वाचतंय त्याची वर्षभराची प्रगती इथे दिसणारच नाही. मधलीही बरीच प्रगती दोन पायऱ्यांच्या मध्ये हरवते. त्यावर उपाय म्हणून मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले ते घड्याळ लावून मोजता येतं, निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं लक्ष्य आहेच. पण नुसता वेग मोजायला लागलात की पोरं सुसाट वाचतात आणि काय वाचलं विचारलं तर गप्प, म्हणून शेवटी दोन-तीन प्रश्न विचाराच. आणि कागद बदला, जूनमध्ये जो परिच्छेद दिला तोच मार्चमध्ये दिला तर पाठांतर मोजाल.

लेखी पेपर स्वस्त पडतो, अख्खा वर्ग तासाभरात उरकतो, सगळ्यांना तेच प्रश्न. सहावी-सातवीला समजून घेऊन वाचणं किंवा शाब्दिक उदाहरणं तपासायची असतील तर मी लेखीच घेईन. पण ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी हा पेपर काहीच मोजत नाही. २० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, म्हणजे डोळे झाकून खुणा केल्या तरी सरासरी ५ मार्क पडतात. वर्षभरात एखादं पोर अक्षरावरून शब्दांवर आलं, त्याच्यासाठी ही केवढी मोठी उडी, आणि तुमच्या पेपरात आधीही ५ च्या आसपास आणि नंतरही तेवढेच.

(राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, म्हणजे सरकारची देशभरातली चाचणी, लेखी होतं, २०१७ मध्ये ते तिसरी, पाचवी, आठवीला झालं आणि २०२१ मध्ये दहावीलाही, त्यातले प्रश्न बघायला चांगले आहेत. पण ते आकडे किंवा असरचे जिल्ह्याचे आकडे तुमच्या दहा-बारा शाळांशेजारी ठेवून 'आमची पोरं पुढे' म्हणू नका. असरमध्ये जिल्ह्यातली ३० गावं आणि गावात २० घरं असा नमुना असतो, तो जिल्ह्यासाठी आहे, तुमच्या तालुक्याबद्दल तो काही सांगत नाही.)

कुठलंही साधन घ्या, तपासणारी व्यक्ती शिकवणारी नको. ताईंच्या मनात खोट असते म्हणून नाही, जीव लावलेल्या पोराला 'अरे बघ ना, काल वाचलंस की' असं आपसूक तोंडून जातं. डीएडच्या विद्यार्थ्यांना घ्या, तेही नाही जमलं तर ताईंच्या शाळांची अदलाबदल करा.

आता तुलना. बहुतेक जण फक्त आधी आणि नंतर मोजतात आणि वाढ झाली की ती आपली म्हणून अहवालात टाकतात. शाळेतले गुरुजी-बाई पण वर्षभर शिकवत असतातच की, त्यांचा वाटा कुठे गेला? शिवाय तुम्ही सगळ्यात कमी मार्कांची पोरं निवडता, त्यातल्या काहींचा तो दिवसच वाईट होता, ताप होता, पेपर कळला नाही, ती पोरं काहीही न शिकवता पुढच्या वेळी वर येणार. आणि बीडकडे काम करणाऱ्यांनी तर हे नक्की बघा: बेसलाइन (कार्यक्रमाआधीची चाचणी) जून-जुलैत होते तेव्हा ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं वर्गात असतात, दिवाळीच्या आगेमागे ती आईबापांबरोबर फडावर जातात, मार्चमध्ये एंडलाइनला (शेवटच्या चाचणीला) त्यातली बरीचशी तिथेच. गावात उरलेल्या पोरांची सरासरी मग आपोआप वर जाते. जी पोरं सगळ्यात जास्त नुकसानीत आहेत तीच हिशोबातून गायब, आणि आलेख मस्त चढता. म्हणून दोन्ही वेळा हजर असलेल्या पोरांचीच तुलना करा आणि किती जण सुटले ते अहवालात ठळक लिहा, शक्य असेल तर हंगाम संपून ती परत आल्यावर त्यांची वेगळी चाचणी घ्या.

आरसीटी म्हणजे कुणाला कार्यक्रम मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरवायचं, म्हणजे दोन्ही गट सुरुवातीला सारखे. याचं गाजलेलं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे, मुंबई आणि वडोदऱ्यातला बालसखी कार्यक्रम, बॅनर्जी, डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. वस्तीतल्याच तरुण मुली मागे पडलेल्या पोरांना वर्गाबाहेर नेऊन शिकवायच्या. 'आम्हाला का नाही' हा प्रश्न त्यांनी छान सोडवला, प्रत्येक शाळेला बालसखी मिळाली, फक्त काही शाळांना एका इयत्तेसाठी आणि बाकीच्यांना दुसऱ्या, म्हणजे एकमेकांच्या इयत्ता तुलनेला मिळाल्या आणि रिकाम्या हाताने कुणीच राहिलं नाही. पहिल्या वर्षी फरक ०.१४ प्रमाण विचलनाचा (पोरांचे मार्क एरवी किती पसरलेले असतात त्याचं हे माप), दुसऱ्या वर्षी ०.२८. पण कार्यक्रम सुटल्यावर वर्षभराने तो साधारण ०.१ वर आला, म्हणून एंडलाइननंतर वर्षाने अजून एकदा मोजायचे पैसे बजेटमध्ये ठेवाच.

मग करायचं काय? दहा-बारा शाळा असतील तर आरसीटीच्या नादी लागू नका, सहा विरुद्ध सहामध्ये एक धडपडे मुख्याध्यापक इकडे किंवा तिकडे पडले की सगळा निकाल फिरतो, पोरं तीनशे असली तरी चिठ्ठी शाळेची आहे, म्हणजे तुलनेला शाळा बाराच. तिथे असरसारखी तोंडी चाचणी, बाहेरचे तपासनीस, आणि शेजारच्या केंद्रातल्या (शाळांच्या गटातल्या) तशाच शाळा तुलनेला, आणि अहवालात 'सिद्ध झालं' असा शब्द नको. चाळीस-पन्नास शाळांवर जाताय आणि तशीही यंदा निम्म्यांनाच माणसं पुरणार आहेत, तर मात्र चिठ्ठ्या टाकाच, उरलेल्यांना पुढच्या वर्षी. फक्त चिठ्ठ्या बेसलाइन झाल्यावर काढा, आधी काढल्या तर ज्या शाळेला वर्ग मिळणार आहे तिथे 'आमची पोरं फार मागे आहेत हो' दाखवायची घाई होते आणि तुमचा पहिलाच आकडा बिघडतो.