गाळणीवाली काचेची किटली: पावसाळ्यापासून मेपर्यंतचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर ही किटली घेतली. १ लिटरची, बोरोसिलिकेट काचेची, आत स्टीलची उभी जाळीदार गाळणी, वर स्टीलचंच झाकण. सातशेच्या आतबाहेर पडली. आता मे उतरणीला लागलाय, जळगावात पारा ४४-४५ ला टेकलाय आणि किटली अजून रोज वापरात आहे. हे मुद्दाम सांगते, कारण हर्बल चहाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते थंड हवेच्या गावात बसून लिहिल्यासारखं वाटतं. आमच्याकडे वाफाळता कप हातात धरून बसावं असे दिवस डिसेंबर-जानेवारीत येतात तेवढेच. बाकीचं वर्ष ही किटली गार पेयांवर चालते, आणि खानदेशातल्या माणसाने ती घ्यायची तर त्याचसाठी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी आधी गरम चहाचं सांगते. गच्चीवर गवती चहाची मोठी कुंडी आहे. आजवर तो आल्याबरोबर दुधाच्या चहात जायचा आणि खळखळ उकळायचा. गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या घटकाचा, आणि तो वाफेबरोबर उडून जातो. जास्त उकळलं की सगळ्या घराला वास येतो, कपात मात्र काही राहत नाही. किटलीत पाणी वेगळं उकळून ओतायचं आणि झाकण लावून ५ ते ७ मिनिटं गप्प बसायचं. फरक पहिल्या घोटातच कळतो. पाती कात्रीने बारीक करून टाकू नका, धागे जाळीत जाऊन बसतात आणि मग जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. तीन-चार लांब पाती घ्यायच्या, त्यांची एक गाठ मारायची, गाठीवर बत्त्याचे दोन घाव घालायचे आणि तशीच गाळणीत सोडायची. काढताना अख्खी निघते. पातीच्या कडेवर उलटं बोट मात्र फिरवू नका, सरळ चिरतं.

सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध यांचं असं होत नाही. मुळं आणि साली उकळल्याशिवाय उतरत नाहीत, त्यांना आपलं पातेलंच बरं. आपल्याकडे हा हिशेब जुनाच आहे: उकळून आटवला तो काढा, गरम पाणी ओतून झाकून ठेवला तो फांट, रात्रभर गार पाण्यात भिजवला तो हिम. ही किटली फांट आणि हिमाची. काढ्याची अपेक्षा तिच्याकडून करू नका. ज्येष्ठमधाबद्दल एक सांगून ठेवते. तो गोड लागतो म्हणून लोक रोज टाकतात, पण त्याने रक्तदाब वाढतो. घरात बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हिवाळ्यात भरिताच्या पार्ट्या सुरू झाल्या की तिसऱ्या दिवशी पोट बोलायला लागतं. तेव्हा धने, जिरे, बडीशेप आणि चिमूटभर ओवा जाडसर ठेचून किटलीत. बिया कठीण असतात, १० मिनिटं झाकून ठेवाव्या लागतात. पूड करू नका, जाळीची भोकं मोठी आहेत, सगळा गाळ कपात येतो. तुळशीच्या मंजिऱ्यांचंही तेच, बारीक बी खाली उतरतं. जाळीबद्दल माझी ही पहिली तक्रार.

आता किटलीची खरी कमाई, अंबाडी. लाल अंबाडीची झाडं आमच्याकडे शेताच्या बांधावर असतात, पाल्याची भाजी भाकरीबरोबर सगळेच खातात, पण बोंडांकडे फारसं कुणी बघत नाही. शहरात महागड्या पुड्यांतून हिबिस्कस चहा म्हणून जे विकतात ती बहुतेक वेळा हीच लाल बोंडं असतात. देवाला वाहतो ती जास्वंद नव्हे. इजिप्त-सुदानमध्ये याच बोंडांचं करकदे नावाचं सरबत घरोघरी पितात, आणि तिथलं ऊनही आपल्यासारखंच. दिवाळीनंतर बोंडं लाल झाली की आतली बियांची गोटी काढून टाकायची, मांसल पाकळ्या सावलीत सुकवून बरणीत भरायच्या. उन्हाळ्यात रात्री मूठभर पाकळ्या गाळणीत, वरून माठाचं पाणी, झाकण. सकाळी माणकासारखं लाल पाणी तयार. गरम पाण्यात केलं की तुरटपणा येतो, गार पाण्यात आंबटपणाच जास्त उतरतो. गोडीला खडीसाखर. गुळाने रंग गढूळ होतो आणि चवही झाकली जाते.

रंगावरून पाण्याचा विषय निघतो. वाघूर धरणाचं नळाचं पाणी असलं की अंबाडी लालभडक येते. बोअरचं जड पाणी असलं की तीच अंबाडी मळकट जांभळी दिसते. बोंडांतलं रंगद्रव्य आंबटात लाल आणि क्षारात निळ्या-जांभळ्याकडे झुकतं. लिंबाचे चार थेंब पडले की परत लाल. बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरी कड धरते, तीही लिंबूपाणी अर्धा तास भरून ठेवलं की सुटते.

गोकर्णाची निळी फुलंही करून पाहिली. लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं होतं, पोरं खूश. चव म्हणाल तर शेंगा उकडलेल्या पाण्यासारखी. पाहुण्यांना दाखवायला ठीक.

त्यापेक्षा मोहाची सुकी फुलं वापरून पाहा. सातपुड्याकडच्या, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूच्या कुणाकडून मिळतात. मोह मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडतो, तेव्हाच वेचतात. फुलात भरपूर साखर असते, तीन-चार फुलं गवती चहात टाकली की वेगळी साखर लागत नाही. वास उग्र आहे, सगळ्यांना झेपेल असं नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा रोशा मात्र मी चहात घालत नाही. तो गवती चहाचाच भाऊबंद, वास गुलाबाकडे जाणारा; एके काळी खानदेशात निघालेलं रोशाचं तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जायचं, गुलाबाच्या अत्तरात मिसळायला. कपात तो वास अंगावर येतो.

या सगळ्यामुळे दुधाचा चहा सुटेल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. सासरे पारोळ्याकडचे. अंबाडीचा पेला त्यांनी पूर्ण संपवला, चांगलं लागलं असंही म्हणाले, आणि मग विचारलं, "ते ठीक शे, पन मना चहा कोठे शे?" साखर घातलेला, बशीत ओतलेला चहा त्यांना दोन्ही वेळा लागतोच. मलाही सकाळचा लागतो.

किटलीच्या तक्रारी. चोच आखूड आहे, शेवटचा थेंब खालून ओघळून ओट्यावर पडतो. झाकणाची गोळी तापते, फडक्याशिवाय धरवत नाही. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या मानाने तापल्यावर तिसरा हिस्साच प्रसरण पावते, म्हणून उकळतं पाणी सहज सोसते. पण गॅसवर ठेवायचीच तर खाली तारेची जाळी ठेवून मंद आचेवर, आणि उतरवून ओल्या ओट्यावर कधीच नाही. दुकानदाराने सुटी गाळणी मिळेल म्हणून सांगितलं होतं, ती आजवर मिळालेली नाही.

घ्यायला गेलात तर झाकण काढून हात आत घालून पाहा. तळापर्यंत बोटं पोचली पाहिजेत. जाळी उजेडाकडे धरून बघा, राईचा दाणा अडकेल एवढी बारीक असली तरच घ्या.