आरएक्सचं जेटिंग करायचंय? दारव्हा रोडच्या काकाजीकडे जा, पण टाइम काढून जा

जेटिंग म्हणजे कार्बोरेटरमधले जेट (बारीक छेदाचे तुकडे, ज्यातून पेट्रोल जाते) गाडीला जुळतील असे बसवणं. आधीच सांगतो, काकाजीकडे बोर्ड-बिर्ड काही नाही. रोडच्या कडेला कडुनिंबाखाली टिनाचा शेड आहे, बाहेर दोन राजदूत न् एक बिनटाकीची येझदी उभी असते, तेच गॅरेज. नाव विचाराल तर सगळे काकाजीच म्हणतात.

माझी गाडी यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स १००, ९८ सीसीवाली, बाबांनी घेतलेली. मी तिची डर्ट बाईक केली म्हणजे खडबडीत टायर, उंच मडगार्ड, एक्स्पान्शन चेंबर (फुगीर सायलेन्सर), फोमचा फिल्टर, न् ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल). पांदणीनं, वावराच्या धुऱ्यानं, नाल्यातून अशी पळायची की पोट्टे मागं लागायचे. गेल्या मे मध्ये खालून बरोबर पण वर रेस दिली की भर्रभर्र करे, म्हणून जिल्ह्याच्या एका मोठ्या गॅरेजात दिली, त्यांनी मेन जेट (फुल रेसला पेट्रोल देणारा) दोन नंबर बारीक टाकला, गाडी मस्त खुलली, मीही खूश. मग आली जानेवारी. लाइट रात्रीची होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून पहाटे पाचला निघालो, डांबरी रोडवर फुल रेस, दोनतीन किलोमीटर झाले असतील न् मागचं चाक एकदम जाम. क्लच दाबला म्हणून वाचलो. पिस्टन सिलेंडरला चिकटला होता.

बोअर करून नवा पिस्टन टाकला तर तेच गॅरेजवाले म्हणे ऑइल वाढवा. मी लिटरला ३० मिली टाकत होतो ते ५० केलं. धूर एवढा की गावातले म्हणे डास मारायची गाडी आली, न् प्लग काढून पाहिला तर तरीही पांढरा, म्हणजे पेट्रोल कमीच! तेव्हा मावसभावानं काकाजीचा पत्ता दिला.

काकाजींनी गाडी पाह्यलीच नाही, पहिले मले विचारलं, "ऑइल किती टाकतो बे?" मी सांगितलं. "अरे लेका, जेटच्या छेदातून जेवढं ऑइल जाईन तेवढं पेट्रोल कमी जाईन ना. ऑइल वाढवून तू गाडी अजून लीनच करून रायला." लीन म्हणजे हवा जास्त न् पेट्रोल कमी. एवढी साधी गोष्ट मले कोणीच सांगितली नव्हती. दुसरं म्हणजे थंडी. मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर, जानेवारीच्या पहाटे १० च्या आसपास, म्हणजे थंड हवा साधारण १२ टक्के जड, तेवढी हवा जास्त आत जाते न् जेट मात्र तोच उन्हाळ्यातला बारीक. वरून आता पंपावर २० टक्के इथेनॉल. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च, म्हणजे तेवढ्याच हवेला माल जास्त लागतो, जुना जेट आणखी कमी पडतो.

मग कार्बोरेटर उघडतील असं वाटलं, तर नाही. चालू गाडीच्या मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर न् इंजिन जोडणाऱ्या) रबरावर स्प्रे मारला, आयडल लगेच बदललं. रबराला केसाएवढी चीर! काकाजी म्हणे इथून हवा ओढत असन तर जेट बदलून काय उपयोग. रबर नवं टाकलं, मॅग्नेटकडचं क्रँकचं ऑइल सीलही पाहून घेतलं (तिथूनही हवा ओढते), ते ठीक निघालं.

पुढचं काम मी स्टुलावर बसून पाह्यलं. रेसच्या मुठीवर पांढरी टेप, त्यावर पेनानं चार खुणा. म्हणे पाव मुठीपर्यंत पायलट जेट (आयडलचा छोटा जेट) न् स्लाइड (रेससोबत वर जाणारी झडप), तिथून पाऊणपर्यंत सुई, वर मेन जेट, गाडी कुठल्या खुणेवर अडखळते ते पाह्य न् तेच बदल. एअर स्क्रू (आयडलची हवा कमीजास्त करणारा) दीड आटा बाहेर आला तेव्हा आयडल एकसारखं झालं. तीन आटे सोडूनही बसलं नसतं तर पायलट मोठा आहे समजायचं, एका आट्याच्या आतच बसलं तर लहान. सुईची क्लिप एक खाच खाली केली, म्हणजे सुई वर येते न् पेट्रोल जास्त मिळते (मी इतके दिवस उलटं समजत होतो). जेट साफ करायला मात्र तार नाही घातली, खराट्याची काडी! तारेनं छेद मोठा होते, मग जेटवरचा नंबर खोटा पडते.

मेन जेटसाठी आम्ही गावाबाहेरच्या शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) मैदानावर गेलो, पट नसला की सरळ रिकामी पट्टी मिळते. फुल रेसमध्ये नेऊन एकदम स्विच बंद न् क्लच दाबून थांबायचं, मग प्लग पाह्यचा. नुसती रेस सोडून आलं तर प्लग खोटं बोलते म्हणे. पहिल्या जेटला काळा न् ओला म्हणजे पेट्रोल जास्त, दुसऱ्याला चहाच्या रंगाचा म्हणजे बरोबर. प्रत्येक वेळी प्लग नवा, म्हणून आपले दोनतीन प्लग घेऊनच जा, त्यांच्याकडचे संपलेले असतात.

मजुरी ४५० घेतली, जेट न् रबर वेगळं. ऑइल परत ३० वर आणून मगच सगळं सेट केलं. आता खाली रेस उघडली की गचका नाही, चिखलातून दुसऱ्या गिअरवर निघते, न् रेस सोडली की आयडल लगेच खाली येते, आधी वरच लटकून राहायचं.

तक्रारी आहेत. सकाळी १० ला बोलावलं न् स्वतः साडेअकराला आले. फोन उचलत नाहीत. बिल मागितलं तर हसतात. बाजाराच्या दिवशी बंद. न् सिगारेट पेट्रोलजवळ, ते पाहून माझाच जीव वरखाली. म्हणून ५ पैकी ४.

निघताना गोळ्यांच्या रिकाम्या डबीत काढलेला उन्हाळ्याचा जेट टाकून दिला न् खडूनं झाकणावर "होळी" लिहिलं. म्हणे होळी झाली की हा टाक, दिवाळीला परत मोठा. डबी टूलकिटमध्ये आहे, खडू पुसला गेला म्हणून मी वरून मार्करनं लिहिलं.