राजकीय गुन्हा आणि प्रत्यार्पण : इंग्लिश कसोटी की स्विस?
नागपूर खंडपीठात वकिली करणाऱ्या तरुणांमध्ये प्रत्यार्पणाची, म्हणजे आरोपीला दुसऱ्या देशाच्या हवाली करण्याची, चर्चा निघाली की गुन्हा राजकीय आहे का हे कोणत्या कसोटीवर ठरवायचे, हा प्रश्न येतोच. १८९१ च्या कास्टिओनी खटल्यात इंग्लिश न्यायालयाने, तिचिनो या स्विस प्रांतातील हत्या तेथील उठावाचाच भाग होती म्हणून, आरोपीला स्वित्झर्लंडच्या हवाली करण्यास नकार दिला; गुन्हा राजकीय उठावाचा भाग असावा, हीच इंग्लिश कसोटी. १८९४ मध्ये अराजकवादी म्यूनिएला मात्र हे संरक्षण मिळाले नाही. स्विस कसोटी उठावावर अडत नाही. कृत्यात राजकीय हेतूचे पारडे जड होते का आणि हिंसा उद्दिष्टाच्या प्रमाणात होती का, हे ती पाहते. मला तीच अधिक न्याय्य वाटते, कारण जिथे उघड उठाव शक्यच नसतो अशा हुकूमशाहीतून निसटलेल्याला इंग्लिश कसोटी वाऱ्यावर सोडते. भारताच्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यातील कलम ३१ राजकीय गुन्ह्यासाठी प्रत्यार्पण नाकारते, परंतु अनुसूचीतील गुन्ह्यांना, ज्यांत खूनही आहे, राजकीय मानत नाही.