मागचा कागद सोललाच नव्हता

8,290 रुपये. फास्टॅगच्या एका फसवणुकीत गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो सांगायला मला दोन दिवस लागले.

फास्टॅग काय असतो हे सगळ्यांना माहीत आहे. माझी गाडी नवी, पांढरी. शोरूमवाल्यानं टॅग काचेला लावून दिला तो जरा तिरपा. बियाण्यांच्या कामासाठी संभाजीनगर-बीड-धाराशिव सारखं जाणं-येणं, त्यामुळे तो तिरपा चौकोन रोज डोळ्यात खुपायचा. कुणी याला हौस म्हणेल. म्हणा.

21 डिसेंबरला, रविवारी, शहरातल्या एका कार डेकोरच्या दुकानात सीट कव्हर बघायला गेलो. तिथला पोरगा गोड बोलणारा. "सर, एवढ्या भारी गाडीला असा टॅग? हिडन फिटिंग करून देतो. आरशामागं काळा होल्डर, बाहेरून दिसणार नाही, नाक्यावर बूम आपोआप वर." वर मोबाइलवर ती क्लिप दाखवली: काच पुसणारा पोरगा हातातलं घड्याळ टॅगला लावतो आणि पैसे गायब. 2022 पासून फिरतेय ती. खोटी आहे, हे तेव्हाच जाहीर झालं होतं. टॅगमधले पैसे नोंदणीकृत टोलनाक्याच्या किंवा पार्किंगच्या खात्यातच जातात, घड्याळवाल्या पोराच्या खात्यात नाही. आणि मला हे माहीत होतं! पण समोर कुणी विश्वासानं सांगत असलं की माहीत असलेलंही डोक्यातून निघून जातं.

फिटिंगचे 2,200. जुना टॅग काढताना फाटतो, म्हणून नव्या टॅगचे 500. हे त्याचं खरंच होतं. टॅग बनवलेलाच तसा असतो, सोलला की आतली तार तुटते. एका गाडीला एकच टॅग, नवा निघाला की जुना बंद, हेही खरं. फसवणारा माणूस दहातली नऊ वाक्यं खरी बोलतो. आरसीचे फोटो काढले, ओटीपी विचारला. मी दिला. दुसरा विचारला. तोही दिला. ओटीपी देऊ नका हे मला सांगू नका. नवा टॅग काढायला ओटीपी लागतोच, तो कुठल्याही काउंटरवर द्यावाच लागतो. पण तो का आलाय हे मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, तेवढं वाचून द्या. मी फक्त आकडे वाचले.

आता तो क्षण. झोपताना अजून आठवतो.

तेव्हा, 2025 मध्ये, नवा टॅग लावल्यावर बँकेला काचेवरच्या टॅगचा फोटो पाठवावा लागायचा, गाडीच्या नंबरप्लेटसकट. त्या पोरानं नवा टॅग काचेला आतून दोन बोटांनी टेकवला आणि दुसऱ्या पोरानं बाहेरून फोटो काढला. टेकवला. चिकटवला नाही. मागचा पांढरा कागद तसाच होता, मी तो शेजारच्या सीटवर बसून बघत होतो. मग "होल्डरमध्ये सील करून आणतो" म्हणत टॅग घेऊन तो आत गेला. दहा मिनिटांनी बंद काळी डबी घेऊन आला. मी म्हटलं, उघडून दाखव. तर म्हणे, "सील तुटलं की वॉरंटी जाते, सर." दोन हजारांच्या डबीला वॉरंटी! आणि मी मान डोलावली. माझ्या बापानं बैल घेताना दात बघितल्याशिवाय दोरीला हात लावला नसता.

त्या डबीत काय होतं ते आता सांगतो: माझा जुना, फाटलेला टॅग, सेलोटेपनं नीट जोडलेला. नवा, चालू टॅग त्याच्याकडेच राहिला आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी कारमध्ये गेला. वर्ग तोच, कारचा, त्यामुळे नाक्यावर कुणाला शंका येण्याचं कारण नाही.

दुसऱ्याच दिवशी बीडच्या वाटेवरच्या नाक्यावर टॅग वाचला जाईना. हातातल्या मशीननंही नाही. टोल 80, रोख दुप्पट म्हणजे 160 घेतले. यूपीआयनं दिले असते तर सव्वापट, म्हणजे 100 लागले असते. 15 नोव्हेंबर 2025 पासून तसा नियम आहे, पण खिडकीतून ते कोण सांगतं? मीच उलट भांडलो की टॅग चालू असून यंत्र बिघडलं तर टोल लागत नाही, शून्याची पावती दे. नियम बरोबर होता, यंत्रही बरोबर होतं. नाक्यावरच्या त्या पोराची इथे माफी मागतो.

दुकानात परत गेलो. "काचेला मेटल कोटिंग आहे सर, वेव्ह अडतेय, डबी खाली घेऊ." 600 रुपये. धातूनं सिग्नल अडतो हे खरं आहे, म्हणून पटलं. त्यानंतर त्याच नाक्यावर दोनदा यूपीआयनं 100-100 गेले.

4 जानेवारीला गावाकडं हुरडा होता. गाडी लिंबाखाली उभी, मी आगटीजवळ, आणि मोबाइल वाजला: टोलचे 95 कापले. बायको म्हणाली, "अहो, गाडी तर इथंच आहे." मी काय सांगावं? "उशिरा कापतात गं." उशिरा कापतात हेही खोटं नाही, पण 95 चा नाका मी ओलांडलाच नव्हता. ती गप्प बसली, आणि ते गप्प बसणं अजून संपलेलं नाही.

मेसेज मी वाचत नाही. दिवसाला तीस येतात, त्यातले पंचवीस कर्ज देणाऱ्यांचे. ऑटो रिचार्ज मीच लावलेलं, शिल्लक कमी झाली की बँकेतून 500 आपोआप. त्यासाठी आदल्या दिवशी सूचना देण्याची अटही रिझर्व्ह बँकेनं 2024 मध्ये काढली. सोयीचं आहे. चोरालाही. ऑटो रिचार्ज लावायचंच असेल तर आठवड्याला एकदा स्टेटमेंट उघडा. मी उघडलं ते भोगीच्या दिवशी: 31 नोंदी, 4,870 रुपये, त्यातल्या सात रात्री बारानंतरच्या.

मग सुरू झाली वारी. टॅग देणाऱ्या बँकेला फोन केला. ती म्हणते टॅग बंद करतो, टॅगवरचा क्रमांक सांगा. अहो, टॅगच चोरीला गेलाय! मग काचेवरच्या टॅगचा फोटो पाठवा. कुठल्या काचेवरच्या? तीन वेळा तेच, तीन वेगळे आवाज, प्रत्येक वेळी सुरुवातीपासून. चौथ्यानं गाडीच्या नंबरवरून तो दोन मिनिटांत बंद केला. म्हणजे ते होत होतं! पैशांचं विचारलं तर, "टॅग तुमच्या ओटीपीनं निघालाय, व्यवहार वैध आहेत."

पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदार म्हणाले, हे ऑनलाइन आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही दुकानात रोख दिले, हे ऑनलाइन कसं? परत ठाण्यात. "बिल?" बिल म्हणजे व्हिजिटिंग कार्डामागं पेनानं लिहिलेले 2,700. "एवढ्यासाठी कोर्टाच्या चकरा मारणार का साहेब?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता. तिसऱ्या दिवशी शिक्का सापडला, साहेब बंदोबस्तावर. तुमच्यावर वेळ आली तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला पहिल्या तासाभरात फोन लावा. मी 23 दिवसांनी लावला, तोवर अडवायला पैसे कुठंच उरले नव्हते.

दुकानदाराचं उत्तर: तो पोरगा सोडून गेला.

हिशेब: 3,300 दुकानाचे, 4,870 टॅगमधले, नाक्यावरचे जादा 120. मी 360 धरले होते, पण मेव्हणा म्हणाला त्यातले 240 तर भरावेच लागले असते. अशा वेळी असा मेव्हणा असावा. जुन्या टॅगमधले 412 अजून अडकलेत, ते यात नाहीत.

आता नवा टॅग स्वतः लावलाय, आतून, आरशामागं, कागद सोलून. थोडा तिरपाच बसलाय.

आणि ज्यांच्या गाडीत अशी काळी डबी बसवलेली आहे त्यांनी आज रात्रीच ती उघडा. वॉरंटी गेली खड्ड्यात. खाली दोन बारीक स्क्रू आहेत, घरातला साधा पेचकस चालतो.