लॅबचा सी-प्रिंट की कॉटन पेपर?

भाचीचं पहिलं प्रदर्शन, बारा फोटो. छापायचे पर्याय दोन: सी-प्रिंट, म्हणजे लॅबमध्ये प्रकाशाला संवेदनशील कागदावर रसायनांनी उमटवलेला रंगीत फोटो; किंवा कॉटन पेपर, म्हणजे कापसाच्या तंतूंचा कागद, त्यावर प्रिंटरनं पिगमेंट शाईत छापतात. 'मावशी, फाइन आर्ट म्हणायचं तर कॉटन पेपरच लागतो का गं?'

नाही. कागदाच्या पाकिटावर 'फाइन आर्ट' छापलेलं असतं, ते कागदाचं कौतुक. जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्कीचा 'ऱ्हाइन २' हा फोटो २०११ मध्ये सुमारे ४३ लाख डॉलरना विकला गेला, तो सी-प्रिंटच. मात्र त्याच्या प्रती सहाच, आणि नदीकाठच्या इमारती त्यानं संगणकावर विचारपूर्वक पुसल्या होत्या. काय दाखवायचं हा निर्णय आणि प्रतींवरचा ताबा, मोल त्याचं.

खर्चात सी-प्रिंट सरळ जिंकतो. टिकण्यात कॉटनवरचा पिगमेंट प्रिंट पुढे: सी-प्रिंटमधले रंग (डाय) उजेडात लवकर विटतात. पण कॉटनचे नखरे फार. मॅट पृष्ठभागावर नख घासलं की काळ्या भागात पांढुरकी रेघ उठते; फ्रेम करताना मी एक प्रिंट असाच घालवलाय. पावसाळी दमट हवेत कागद फुगतो, ते वेगळंच.

गडद, झळाळते रंग आणि बेताचं बजेट असेल तर सी-प्रिंट. धुकं, राखाडी छटा आणि वर्षानुवर्षं जपणारा संग्राहक असेल तर कॉटन. भाचीचे फोटो धुक्यातले आहेत. तिनं सहा महिने थांबून पैसे साठवावेत.