दोन वर्षं उभी असलेली दीडशे सीसी घेतली: सेल्फ फिरायचा, गाडी चालू व्हायची नाही

जानेवारीत घेतलेली सेकंड हँड गाडी दिवाळी तोंडावर आली तरी भोसरी ते चाकण रोज पळतेय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. २०१२ ची, दीडशे सीसी मोटारसायकल, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेली), सेल्फ आणि किक दोन्ही असलेली. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार मॉडेलबद्दल नाहीच. आधीच्या मालकाकडं ही गाडी सोसायटीच्या जिन्याखाली दोन वर्षं उभी होती. पुढचा सगळा ताप त्या उभं राहण्याचा. त्या वयाची कुठलीही गाडी तशी ठेवली असती तर तिनंही हेच दिवस दाखवले असते.

चालवायला कशी आहे ते आधी उरकतो. बसायला ऐसपैस, खड्ड्यात मागचं शॉकॲब्सॉर्बर जरा कडक, पुढचा डिस्क ब्रेक भरवशाचा. रविवारी नारायणगावला जाताना डबलसीट असली तरी चढाला गियर पाडावा लागत नाही. टॅपेट कव्हरपाशी तेलाचा ओलावा दिसतो, तेवढा चालतो. गाडी म्हणून नाव ठेवायला जागा नाही.

आता मुद्द्यावर. घेतल्यापासून सकाळी ही गाडी हमखास रुसायची. सेल्फ दणकून फिरायचा, हेडलाइट झगझगीत, हॉर्न खणखणीत, पण इंजिन काही धरायचं नाही. बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘बॅटरी तर चांगलीये की!’ इथंच गल्लत होते. सेल्फ फिरतो याचा अर्थ बॅटरीतून स्टार्टर मोटरला करंट पोचतोय, एवढाच. पेट्रोल येतंय का, प्लगला ठिणगी पडतेय का, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये दाब आहे का, यातलं काहीच त्यावरून कळत नाही.

नाक्यावरच्या मेकॅनिकनं पाहताक्षणी निकाल दिला, ‘दादा, कार्बोरेटर नवीनच टाकू, कटकट नको.’ मी म्हटलं, आधी प्लग काढून बघू. पोरगा बरा होता, हसत हसत प्लगपाना दिला. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आता तर पक्कं झालंय: गाडी चालू होत नसेल तर पहिला पाना प्लगला लावायचा, पैशाच्या पाकिटाला नाही.

पद्धत सोपी आहे. चोक ओढून चार-पाच सेकंद सेल्फ मारायचा, थोडं थांबायचं, पुन्हा मारायचा. सलग दाबून धरलं की मोटर तापते आणि बॅटरी बसते. मग प्लग काढून टोक बघायचं. कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल आत पोचत नाही. ओलं असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही, नाहीतर गाडी ओव्हर झालीय. ओव्हर झाली असेल तर चोक बंद करून एक्सलेटर पूर्ण पिळायचा आणि तसाच सेल्फ मारायचा, जास्तीचं पेट्रोल बाहेर पडतं.

माझा प्लग कोरडा निघाला. कॉक ऑनवर, टाकीत पेट्रोल, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं. हे भोक बुजलं तरी टाकीत पोकळी होऊन पेट्रोल उतरायचं थांबतं, म्हणून झाकण उघडून एकदा बघायचंच. मग कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. जे उतरलं त्याला पेट्रोल म्हणवत नव्हतं. रंग चहाच्या कोऱ्या काढ्यासारखा, वास जुन्या वॉर्निशचा, आणि बाटली तिरकी केली की तळाशी पाण्याचा वेगळा थेंब इकडून तिकडं घरंगळायचा.

हे पाणी कुठून आलं? बऱ्याच जणांना पंपावर शंका येते. पण आपल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. २०२३ पासून ई-२० विकायला सुरुवात झाली आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. रोज चालणाऱ्या गाडीत ते जळून जातं, त्यामुळे त्रास जाणवत नाही. अर्ध्या टाकीनं महिनोन्‌महिने उभ्या गाडीत मात्र ओलावा साठत जातो, आणि एका मर्यादेपलीकडं पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाला बसतो. कॉक तर तळाजवळूनच पेट्रोल घेतो! शिवाय २०१२ च्या गाडीचे रबरी पाइप आणि वॉशर ई-२० साठी बनवलेले नाहीत. माझ्या गाडीचा पेट्रोलचा पाइप हातानं वाकवला तर कुरकुरला, तो त्याच दिवशी बदलला.

वाटी उघडल्यावर पायलट जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, काढलं. सकाळी गाडी धरणं आणि रिकाम्यावर फटफटत राहणं हे याच्यावर असतं. मेन जेटचं काम एक्सलेटर पिळल्यावर सुरू होतं. ट्यूबलाइटसमोर धरलं तर भोकातून उजेड दिसायला हवा. केसाएवढंच भोक ते. माझ्यात अंधार. कार्ब क्लीनर फवारून, थोडा वेळ भिजवून, वायरीतली तांब्याची एक बारीक तार हलकेच घातली आणि वरून हवा मारली. स्टीलची तार किंवा सुई कधीही घालू नका. जेट पितळी असतं, भोक मोठं झालं की कायमचं जास्त पेट्रोल जातं. टाकी रिकामी करून गाळणी धुतली, मध्ये एक छोटा पारदर्शक फिल्टर बसवला. एअर फिल्टरच्या डब्यात कागदाचे तुकडे आणि सुतळी सापडली, म्हणजे उंदराचा संसार होता. तोही उठवला. त्यानंतर उन्हाळाभर गाडीनं पहिल्या सेल्फला उत्तर दिलं. नवीन कार्बोरेटर लागला नाही.

मग पाऊस आला. पहिल्याच आठवड्यात पुन्हा तेच, सेल्फ फिरतो, गाडी गप्प. या वेळी प्लग ओला. म्हणजे कार्बोरेटरकडं बघायचंही नाही, करंट शोधायचा.

प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग हेडला टेकवायचा आणि सेल्फ मारायचा. निळी, कडकडणारी ठिणगी हवी. दोन गोष्टी विसरू नका: प्लगच्या उघड्या भोकापासून लांब टेकवायचा, कारण तिथून पेट्रोलची वाफ फुसफुसत असते, आणि वायर उघड्या हातानं धरायची नाही. माझ्याकडं ठिणगी कधी मरतुकडी पिवळी, कधी नाहीच. नवा प्लग लावून पाहिला, फरक शून्य. कॅप पिळून काढली तर आत हिरवट गंज. वायरचं टोक जरासं छाटून कॅप पुन्हा घट्ट फिरवली, ठिणगी निळी झाली. पण पुढच्या पावसात पुन्हा गायब.

तेव्हा साधा मल्टिमीटर काढला. या गाडीत सीडीआयला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या डबीला, बॅटरीवरून करंट जातो, म्हणून चावी चालू करून तिथं व्होल्ट मोजले. बॅटरीवर साडेबारा आणि सीडीआयपाशी नऊच्या खाली! मधल्या वाटेत कुठंतरी व्होल्ट पडत होते. हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच आत-बाहेर केला की आकडा वर-खाली नाचायचा. काही गाड्यांत किल स्विच बंद असला की सेल्फही फिरत नाही, त्यामुळे संशय लगेच येतो. हिच्यात तो फक्त ठिणगीची वाट तोडतो, सेल्फ बिनधास्त फिरत राहतो. स्विच उघडला, आतले पत्रे बारीक पॉलिश पेपरनं घासले, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. उरलेला पावसाळा तक्रार नाही.

बॅटरीचं एक लक्षण मात्र सांगून ठेवतो, कारण ते माझ्या मेहुण्याच्या गाडीत दिसलं. सेल्फ दाबलेला असेपर्यंत गाडी चालू होत नाही, आणि बटण सोडताक्षणी एकदा ‘फट्‌’ करते. किक मारली तर लगेच चालू. असं असेल तर कार्बोरेटर, कॉइल काही उघडू नका. स्टार्टर सगळी ताकद ओढून घेतो आणि ठिणगीला काही उरत नाही. चांगल्या बॅटरीचे व्होल्ट सेल्फ मारताना दहाच्या वर राहायला हवेत. किक असलेली गाडी घ्या असं मी म्हणतो ते यासाठीच. किक हा फुकटचा तपासणी यंत्र आहे, शिवाय पायाला कॉम्प्रेशनही कळतं. पाय सुळकन खाली गेला तर टॅपेट, म्हणजे वाल्वची फट, बघायला लावा. आवाज नको म्हणून टॅपेट फार आवळून घेणारे गिऱ्हाईक भरपूर आहेत. मग वाल्व पूर्ण बसत नाही आणि थंड गाडी धरत नाही.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनवाल्या आहेत, तिथं ही जेटची कथा लागू नाही. त्यात चावी फिरवल्यावर टाकीतल्या पंपाचा दोन-तीन सेकंद ‘झूं’ आवाज येतो का, हे आधी बघा.

घेणाऱ्यांसाठी: गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाला हात लावून बघा. गरम असेल तर मालकानं तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलीय. चहा प्या, थंड होऊ द्या, मग स्वतः सेल्फ मारा. उभ्या गाडीपेक्षा जास्त किलोमीटर पळालेली, रोज वापरातली गाडी मी केव्हाही घेईन. पुण्यात नानापेठेत जेट, पाइप, कॅप, प्लग, फिल्टर सगळं मिळून जे गेलं ते एका नव्या कार्बोरेटरपेक्षा कमी होतं. भावात घासाघीस करताना मात्र वर्ष धरा. माझ्या गाडीची पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरतात. तेव्हा फेरनोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर आलाच, नवीन सुरक्षा नंबरप्लेटही मलाच बसवून घ्यावी लागली. हा खर्च मी मालकाला मोजून दाखवला आणि किमतीतून तीन हजार कमी करून घेतले.