पॉयरोची बत्तिसावी कादंबरी: कुठे धरून ठेवते, कुठे निसटते

अ‍ॅगाथा ख्रिस्तीची ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’ ही हर्क्युल पॉयरो या गुप्तहेराची आपण वाचायची पहिलीच कादंबरी म्हणून कुणी हातात घेणार असेल, तर त्याला आधी थांबवायला हवे. पणजी, मडगाव, फोंडा, कुठल्याही वाचकांच्या घोळक्यात या पुस्तकाचा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. त्यातला बराचसा फरक वाचनाच्या क्रमातून आलेला असतो. जे हिच्यापासून सुरुवात करतात ते विचारतात, एवढे नाव ऐकले ते याच्यासाठी? ज्यांच्या आधीच्या दहा-बारा वाचून झाल्या आहेत त्यांनाही चुका दिसतात, पण पुस्तक खाली ठेववत नाही. आमचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. तरीही पहिल्यांची तक्रार खोटी नाही, आणि ती कुठे खरी ठरते ते बोट ठेवून दाखवता येते.

आधी मालिकेचा हिशेब. पॉयरो १९२० साली वाचकांसमोर आला तेव्हाच तो बेल्जियन पोलिसांतून निवृत्त झालेला होता. हे पुस्तक नोव्हेंबर १९७२ मध्ये निघाले. ख्रिस्तीबाई तेव्हा ८२ वर्षांच्या होत्या, आणि सरळ गणित मांडले तर पॉयरोने शंभरी ओलांडलेली होती. जुने वाचक हे गणित मांडत नाहीत. बावन्न वर्षे चालणाऱ्या मालिकेत नायकाचे वय कुठेतरी थांबवावेच लागते. पॉयरोच्या ३३ कादंबऱ्यांत ही बत्तिसावी. तेहेतिसावी ‘कर्टन’ १९७५ साली बाहेर आली खरी, पण ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून बाजूला ठेवलेली होती. म्हणजे पॉयरोची त्यांनी लिहिलेली शेवटची कादंबरी ती हीच. थकवा जाणवला तर तो कशाचा, हे यावरून समजावे.

गोष्ट अशी. साहित्यिकांच्या एका मेजवानीत रहस्यकथा लिहिणाऱ्या अरियाडनी ऑलिव्हर यांना मिसेस बर्टन-कॉक्स नावाची अनोळखी बाई गाठते. ऑलिव्हरबाई सिलिया रेव्हन्सक्रॉफ्ट या मुलीच्या धर्ममाता आहेत. (गोव्यात ‘मादरीन’ म्हटले की हे नाते समजावून सांगावे लागत नाही.) सिलियाचे लग्न या बाईच्या मुलाशी व्हायचे घाटते आहे, आणि बाईला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे: सिलियाच्या आईने तिच्या वडिलांना मारले, की वडिलांनी आईला? जनरल रेव्हन्सक्रॉफ्ट आणि त्यांची पत्नी पुष्कळ वर्षांपूर्वी समुद्राजवळच्या एका कड्यावर गोळी लागून मेलेले सापडले होते. रिव्हॉल्वरवर दोघांच्याही बोटांचे ठसे होते. कारण कुणालाच कळले नव्हते.

ऑलिव्हरबाई पॉयरोकडे जातात आणि मग ‘हत्तीं’चा शोध सुरू होतो. हत्ती म्हणजे त्या काळी त्या कुटुंबाच्या आसपास असलेली, आता म्हातारी झालेली आणि काही ना काही लक्षात ठेवून असलेली माणसे. नावामागची गोष्ट पुस्तकातच सांगितली आहे: शिंप्याने हत्तीला सुई टोचली आणि पुढे कधीतरी तिथून जाताना हत्तीने त्याच्यावर पाणी फवारले. ही गोष्ट आपल्याकडे पोरासोरांना पाठ असते. त्यामुळे मराठी वाचकाला हे शीर्षक इंग्रज वाचकापेक्षाही जवळचे वाटते.

पुस्तकात एकूण २० प्रकरणे आहेत आणि त्यांचे दोन भाग केले आहेत. पहिल्या ९ प्रकरणांचा भाग ‘एलिफंट्स’, उरलेल्या ११ चा ‘लाँग शॅडोज’. नापसंती येते ती बहुतेक पहिल्या भागाच्या उत्तरार्धात, सहा ते आठ या प्रकरणांत. इथे ऑलिव्हरबाई एकेका जुन्या ओळखीच्या घरी जातात, चहा होतो, माणसे बोलतात आणि बोलतच राहतात. ‘वेल’ने सुरू होणारी वाक्ये मोजायला घेतली तर बोटे पुरणार नाहीत. मूळचे गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या वेगवान, खिशात मावणाऱ्या पुस्तकांवर ज्यांचे वाचन पोसले, त्यांना इथे गाडी थांबल्यासारखी वाटते. त्यांना दोष देता येत नाही. पाठलाग नाही, धोका नाही, चालू काळात एकही खून नाही. जे घडायचे ते सगळे आधीच घडून गेले आहे.

पण संथपणा हा या पुस्तकाचा मुख्य दोष नाही. तो नीट ओळखायचा तर १९४२ ची ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ शेजारी ठेवावी. दोन्हींचा सांगाडा जवळजवळ सारखा आहे. तिथेही लग्नाच्या उंबरठ्यावर उभी असलेली मुलगी आहे, तिथेही आईने वडिलांना मारले का हाच प्रश्न आहे, तिथलाही मृत्यू १६ वर्षे जुना आहे. फरक साक्षींच्या बांधणीत आहे. ‘फाइव्ह लिटल पिग्ज’मध्ये पाच माणसे त्याच घराबद्दल, त्याच दिवसांबद्दल बोलतात आणि नंतर आपापली हकिगत लिहूनही देतात. एकाने ऐकलेले वाक्य दुसऱ्याने वेगळ्या अर्थाने ऐकलेले असते. वाचकाला ते एकमेकांवर ठेवून पाहता येते, आणि जिथे ते जुळत नाही तिथेच उत्तर लपलेले असते. ‘एलिफंट्स’मध्ये प्रत्येक हत्ती वेगळीच वावडी सांगतो. कुणी आजारपणाचे सांगते, कुणी प्रेमप्रकरणाचे, कुणी आणखी कशाचे. या वावड्यांना दिवस नाही, जागा नाही, समोर कोण होते तेही नाही. त्यामुळे एक साक्ष दुसरीला कापत नाही आणि आधारही देत नाही. रहस्यकथेत साक्षीदार चुकला तर बिघडत नाही. त्याची चूक वाचकाला पकडता आली पाहिजे, एवढेच. इथे ती सोय नाही, आणि मधली प्रकरणे लांबल्यासारखी वाटतात ती यामुळेच.

तारखांचा घोळ हा त्यापुढचा मुद्दा. वाचकांचे खरे भांडण यावरच होते. जनरल आणि त्यांच्या पत्नीचा मृत्यू एका ठिकाणी दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे, दुसरीकडे पंधरा, आणखी कुठे वीस. सिलिया तेव्हा शाळकरी होती. तिला बारा-तेरा वर्षांची धरली तर पहिल्या हिशेबाने आज ती २२ ते २५ वर्षांची होते, शेवटच्या हिशेबाने ३२-३३ ची. लग्नाआधी अस्वस्थ झालेल्या मुलीच्या गोष्टीत हा फरक लहान नाही. दांपत्याच्या वयाचेही तसेच. एका जागी नवरा साठीचा आणि बायको पस्तिशीची आहे, आणि पुढे जनरलच्या तरुणपणाची जी हकिगत येते ती या वयांत बसत नाही. ब्रिटिश समीक्षक रॉबर्ट बार्नार्ड यांनी या विसंगती नेमक्या टिपून पुस्तकाला नापास केले होते. उलट पुस्तक निघाले तेव्हा ‘ऑब्झर्व्हर’मधल्या परीक्षणाने त्याचे कौतुक केले होते. म्हणजे मतभेद आजचे नाहीत.

पुस्तकाची बाजू घेणारे म्हणतात, ही स्मृतीचीच गोष्ट आहे, तारखा हलणारच. या म्हणण्यात दम आहे, आणि गोव्यात राहणाऱ्याला तो लवकर पटतो. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या सोप्यावर, बसलेल्या आजीला एखादी गोष्ट कधी घडली ते विचारा. ती साल सांगत नाही. गोवा मुक्तीच्या आधी की नंतर, चोगमची (राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची) परिषद झाली त्या सुमारास की थोरलीच्या लग्नाच्या वर्षी, असे सांगते. शेजारची मावशी लगेच म्हणते, ‘नाही गो, तेव्हा तुझा धाकटा झाला होता.’ दोघीही खऱ्या असतात, कारण दोघी वेगवेगळ्या खुंटीला दोरी बांधून मोजत असतात. ख्रिस्तीबाईंचे हत्ती जिथे असे बोलतात तिथे पुस्तक अस्सल उतरले आहे. सातव्या प्रकरणात ऑलिव्हरबाई जुन्या दाईला भेटतात, ते वाचून पाहावे. तिला मुलांची दुखणी, खोड्या, आवडीनिवडी स्वच्छ आठवतात. काळ आठवत नाही.

हा बचाव फक्त साक्षीदारांच्या बोलण्यापुरता चालतो. मृतांची वये आणि घटनेचे साल या तपासाच्या पायाभूत गोष्टी आहेत. प्रकरण हाताळलेले सुपरिटेंडेंट गॅरोवे कथेत हजर आहेत, शिस्तीचा पुतळा असलेला पॉयरो हजर आहे. त्यांच्यापैकी एकाने तरी ‘अमुक साल’ असे ठामपणे मांडून बाकीच्यांची गल्लत उघडी करायला हवी होती. तसे झाले असते तर हाच घोळ पुस्तकाची ताकद ठरला असता. झाले नाही, म्हणून तो लेखिकेचा घोळ ठरतो. आमचा या पुस्तकावरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच.

भाषेबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. २००९ साली टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी ख्रिस्तीबाईंच्या वेगवेगळ्या वयांतल्या कादंबऱ्यांतले शब्द संगणकावर मोजले. बाईंनी ६३ व्या वर्षी लिहिलेल्या एका कादंबरीच्या तुलनेत या पुस्तकातला शब्दसंग्रह सुमारे ३० टक्क्यांनी घटलेला निघाला. ‘काहीतरी’, ‘ती गोष्ट’ अशा मोघम शब्दांचे प्रमाणही खूप वाढलेले होते. त्यावरून स्मृतिभ्रंशाचा तर्क केला गेला, पण तसे निदान त्यांच्या हयातीत कधी झालेले नव्हते. वाचताना हा मोघमपणा जाणवतो. मात्र याची एक उपयोगी बाजू आहे. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी कादंबऱ्यांकडे वळणाऱ्याला हे पुस्तक शब्दकोश न उघडता वाचता येते. वाक्ये आखूड, संवाद जास्त, वर्णने कमी.

आता जमेची बाजू. सुगावे प्रामाणिक आहेत. मृत बाईंकडे चार विग होते, आणि घरचा लळा लागलेला कुत्रा शेवटच्या दिवसांत त्यांना चावला होता. या दोन गोष्टी लपवलेल्या नाहीत. उत्तर त्यांच्यातच आहे. सराईत वाचकाला ते बाराव्या प्रकरणाच्या आसपास सुचते आणि मग पुढची आठ प्रकरणे पॉयरो मागून येतोय असे वाटते. तरीही विगांचा चार हा आकडा ज्या पद्धतीने वापरला आहे ती जुन्या कसबाची आठवण देते. पुस्तकाची सुरुवात ऑलिव्हरबाईंच्या केसांपासून आणि मेजवानीला कोणती हॅट घालावी इथून होते आणि पंधरावे प्रकरण विगच्या दुकानात घडते, हा धागाही सहज सापडलेला नाही. तिसऱ्या प्रकरणातली जुन्या पत्त्यांच्या वह्यांची शोधाशोध तर आम्हाला फार आवडते. तपास म्हणजे काय, तर योग्य वर्षाची वही सापडणे.

आणि उलगडा. तो इथे सांगणार नाही, पण त्यातली माया आणि दुःख दोन्ही खरे आहे. विसाव्या प्रकरणात पॉयरो कुणाला पकडून देत नाही. एका मुलीला तिचे आईवडील परत देतो. वाचकांपैकी ज्यांना पुस्तक आवडले ते बहुधा या शेवटच्या पंधरा-वीस पानांमुळे.

वाचायचेच असेल तर क्रम असा ठेवावा. आधी ‘फाइव्ह लिटल पिग्ज’, मग १९५२ ची ‘मिसेस मॅक्गिंटीज डेड’ आणि १९६९ ची ‘हॅलोवीन पार्टी’. याला कारण आहे: पाचव्या प्रकरणात पॉयरो आणि माजी पोलीस अधिकारी स्पेन्स यांच्या बोलण्यात नेमकी हीच तीन जुनी प्रकरणे निघतात, आणि ती माहीत नसतील तर ती पाने कोरडी जातात. वाचताना कागदावर दोन रकाने आखावेत. एकात ज्याने स्वतः पाहिले तेवढेच, दुसऱ्यात जे ऐकीव आहे ते. नवव्या प्रकरणाअखेर पहिला रकाना फार तर पाच-सहा ओळींचा भरतो, आणि त्या ओळींवरून उत्तर काढता येते. वर्षांचे आकडे टिपू नयेत. त्यांच्या मागे लागलात तर पुस्तक हातचे जाईल.

२०१३ साली डेव्हिड सुशेने साकारलेल्या पॉयरो मालिकेत या कादंबरीवर भाग निघाला. त्यात चालू काळातला एक खून जोडला आहे, जो पुस्तकात नाही. पडद्यावर त्यामुळे वेग आला, पण आधी तो पाहून पुस्तक उघडणाऱ्याला मधली प्रकरणे दुप्पट लांब वाटतील. म्हणून पुस्तक आधी.

प्रतीबद्दल थोडे. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाची सूची आधी चाळावी. जुनी पेपरबॅक विकत घेणार असाल तर पुस्तक मधोमध उघडून कणा हलकेच वाकवून पाहा. आपल्या दमट हवेत चार पावसाळे काढलेला डिंक कडक होऊन तडकतो आणि पानांचे गठ्ठे सुटतात. पंधरावे आणि विसावे प्रकरण पूर्ण आहे ना, एवढे पाने मोजून बघा. तपकिरी ठिपके चालतील. पांढरी भुकटी आणि कुबट वास असेल तर ती प्रत घरातल्या इतर पुस्तकांत मिसळू नका.